गरवायला जाताना आजोबांचे पाय बघा

घरातलं म्हातारं माणूस समुद्राकाठी वाढलेलं असेल, तर नातवंडांना त्याच्याबरोबर एकदा तरी गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, पाठवावंच. फक्त एक गोष्ट आधी घरात ठरवून घ्या. पाण्याबाबत शब्द आजोबांचा चालेल, आणि आजोबांच्या शरीराबाबत आपला. आमच्याकडे पहिलं ठरलेलं होतं, दुसऱ्याचा विचार कुणाच्या मनातही आला नव्हता.

आम्ही विठ्ठलवाडीचे. इथल्या मुलांना रोज दिसतं ते वालधुनी नदीचं पाणी, आणि त्यात गळ टाकावा असं आता काही उरलेलं नाही. बाबांचं लहानपण मात्र रेवदंड्याच्या बाजूचं. नोकरीसाठी ते अंबरनाथला आले आणि इकडेच राहिले. भाऊबीज आटोपून आम्ही शिळफाटा, पनवेल, पेण करत निघालो, तेव्हा पुढच्या सीटवर बसून त्यांनी नातीची पाऊणकी घ्यायला सुरुवात केली. चालू तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. घड्याळाच्या काट्याला थोडं मागेपुढे होतं, पण आमच्या किनाऱ्यावर हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तेच या पाऊणकीत बसवलेलं आहे.

आम्ही बसणार होतो ती चतुर्थी. म्हणजे नऊच्या सुमाराला पूर्ण ओहोटी, तीनला भरती. कुंडलिका जिथे समुद्राला मिळते त्या अंगाला, समोर कोर्लईचा डोंगर ठेवून बाबांनी जागा निवडली. पाणी चढू लागलं की त्याच्याबरोबर मासे खडपात चरायला येतात, म्हणून गरी टाकायची ती तेव्हाच. आणि उठायचं अकराला, मासा लागत असला तरी. याचं कारण नीट समजून घ्या. भरतीचं पाणी सुरुवातीला रेंगाळत चढतं आणि तिसऱ्या-चौथ्या तासात सगळ्यांत वेगाने येतं. शिवाय आपण उंच खडकावर बसलेले असतो, आणि आपल्या पाठीमागची चर आधी भरते. पुढे पाहणाऱ्याला ती दिसत नाही. याच किनाऱ्यावर पुढे मुरुडला 1 फेब्रुवारी 2016 रोजी पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. म्हणून आजोबा ‘उठा’ म्हणाले की गळाचं तंगूस गुंडाळायचं, पाच मिनिटंही मागायची नाहीत.

अकराला आम्ही उठलो, पिशवीत दोन-तीन बोय होत्या. नातीने खाली पाहिलं आणि म्हणाली, “आजोबा, तुमचं रक्त येतंय.” खडकावर पावलांचे लाल ठसे उमटलेले होते. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. बाबांचा उजवा तळवा अंगठ्याखाली चिरला होता आणि त्यांना पत्ताच नव्हता. “काही नाही गं, खडपात लागतंच,” म्हणत ते तसेच चालू लागले. लहानपणापासून ते खडपात अनवाणीच उतरत आलेले, आणि त्यांचा मधुमेह वीस वर्षांचा. त्या पायाला आता काही कळत नव्हतं.

घरगुती हळद दाबून रात्र गेली. सकाळी पाऊल सुजलेलं, लाली घोट्याच्या वर चढलेली, अंगात ताप. अलिबागला डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, जखम गोड्या पाण्यात झाली की खाऱ्या? खाऱ्या आणि मचूळ पाण्यात काही वेगळे जिवाणू असतात, मधुमेही माणसात ते झपाट्याने पसरू शकतात, आणि औषधही त्याप्रमाणे निवडावं लागतं. म्हणून डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता समुद्राचं पाणी लागल्याचं आपणच आधी सांगा. लाली वाढणं, फोड येणं, ताप, जखमेच्या मानाने फार जास्त दुखणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळ होईपर्यंत थांबू नका. 108ची रुग्णवाहिका किनाऱ्यावरच्या गावांतही बोलावता येते.

बाबांचा पाय वाचला, पण ड्रेसिंग बरेच दिवस चाललं.

मधुमेह असलेल्या माणसाने पूर्ण बंद, जाड तळाचे बूट घातल्याशिवाय खडपात उतरू नये. स्लिपर चालत नाही, ती शेवाळावर सटकते. निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून पायाची संवेदना तपासून घ्या. नायलॉनचा एक बारीक तंतू तळव्याला टेकवून ते बघतात, दोन मिनिटांचं काम आहे. किनाऱ्यावरून परतल्यावर पाय गोड्या पाण्याने धुवून, पुसून, बोटांच्या बेचक्यांसकट दुसऱ्या कुणीतरी बघायचे. आमच्याकडे हे काम नातीने मागून घेतलं आहे.

गरवताना जेवणाची वेळ टळते, हेही ध्यानात असू द्या. साखर उतरल्यावर येणारा घाम उन्हाच्या घामासारखाच दिसतो. हात थरथरले, बोलणं तुटक झालं, तर आधी साखरपाणी द्या. इन्सुलिन बंद गाडीत ठेवू नका, तिथे ते तापून निकामी होतं.

आणि शिंगाळा लागला तर गरी सोडवायला मुलांना हात घालू देऊ नका. त्याच्या काट्यात विष असतं. पाकटाच्या शेपटीतल्या काट्याचंही तेच, 2013च्या गणेशविसर्जनात गिरगाव चौपाटीवर कितीतरी भाविकांना पाकटांनी जखमी केलं होतं. काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा-एक तास बुडवून ठेवतात, वेदना उतरते. मग दवाखाना गाठायचा, धनुर्वाताचं इंजेक्शनही विचारून घ्यायचं. मात्र आजोबांच्या बधिर पायाला ‘सोसवेल इतकं’ कळत नाही, उकळतं पाणीही ते सोसतील आणि भाजून निघतील. त्या पाण्यात आधी आपला हात घालून बघायचा.