जनुकांच्या प्रवासाची खतावणी

कळवणच्या बाजारात कांदा विकून ज्या घराने मुलीला सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. केले, त्या घरात एके दिवशी मुलीने ‘मला संशोधन-निबंधांची मोजदाद शिकायची आहे’ असे म्हणावे आणि ते ऐकून आईवडिलांनी चिंताक्रांत व्हावे, यात नवल नाही. कारण ज्या विद्येचे नाव घरात कधी कोणी ऐकले नाही, तिच्यावर मुलीचा चरितार्थ कसा चालणार, हे विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. त्यांच्यासाठीच हा लेख.

ही मोजदाद म्हणजे काय, हे एका विषयाच्या उदाहरणाने पाहू. टोमॅटोच्या पानामागे बसून रस शोषणारी पांढरी माशी आपल्या शेतकऱ्याच्या चांगल्या परिचयाची आहे. परंतु वनस्पती स्वसंरक्षणार्थ जी विषे निर्माण करतात, त्यांपैकी काहींना निष्प्रभ करणारे जनुक या माशीकडे पूर्वी कधी तरी वनस्पतींकडूनच आले, हे चिनी शास्त्रज्ञांनी २०२१ साली दाखवून दिले. आईबापांकडून संततीकडे जाणारा वारशाचा राजमार्ग सोडून जनुकांनी असा आडमार्गाने प्रवास करावा, ही कल्पना मात्र जुनी आहे. मेलेल्या रोगकारक जंतूंचा गुण जिवंत निरुपद्रवी जंतू उचलतात, हे जीवाणुशास्त्रज्ञ ग्रिफिथ यांनी न्यूमोनियाच्या जंतूंवर प्रयोग करून १९२८ मध्येच प्रसिद्ध केले होते. पुढे प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू रुग्णालयांतून फैलावू लागले, आणि तो गुण एका जातीच्या जंतूकडून दुसरीकडे याच वाटेने जातो हे उमगले, तेव्हापासून या विषयावरील निबंधांचा ओघ वाढत गेला.

हा ओघ कोणत्या वर्षी, कोणत्या देशात आणि कोणाच्या आधाराने वाढला, हे मोजणे वरवर कारकुनी वाटते. पण या कामात पदोपदी विवेक लागतो. एकाच घटनेस काही शास्त्रज्ञ ‘हॉरिझॉन्टल’ आणि काही ‘लॅटरल’ जनुक-संक्रमण म्हणतात, म्हणून एकच शब्द शोधणाराच्या हातून बरेचसे दप्तर निसटते. उलट नुसते ‘जनुक-संक्रमण’ शोधावे, तर मानवी रोगांवरील जनुकोपचाराचे निबंध येऊन मिसळतात. शिवाय सर्वच शास्त्रांतील निबंध वर्षागणिक वाढत असता एका विषयाची वाढ तेवढी पाहून हर्ष मानणे व्यर्थ होय. एकूण निबंधांत त्याचा हिस्सा किती, हे पाहावे लागते. चालू वर्षाचा आकडा तर नेहमीच उणा दिसतो, कारण नोंदी उशिरा चढतात. दुपारी बारा वाजता बाजार समितीची आवक मोजून ‘आज कांदा कमी आला’ असे म्हणण्यासारखेच ते आहे.

निबंध-मोजणीच्या या शास्त्राची परंपरा परकी नाही. ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांनी १९४८ मध्ये इंग्लंडमधील परिषदेत ग्रंथालयाच्या कामास संख्याशास्त्र लावण्याची कल्पना ‘लायब्रामेट्री’ या नावाने मांडली होती. आपल्या महाराष्ट्रातही तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील ग्रंथालयीन मंडळींनी अनेक शास्त्रज्ञांच्या लेखनाची अशी मोजणी केली आहे. आणि दिल्लीत विज्ञान-संप्रेषण व धोरण यांचा अभ्यास करणारी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची (सीएसआयआर) संस्था २०२१ मध्ये दोन जुन्या संस्थांच्या विलीनीकरणातून उभी राहिली.

पालकांना एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो: ‘निबंध-मोजणीदार’ अशी वेगळी नोकरी सहसा निघत नाही. हे कौशल्य दुसऱ्या पदाच्या अंगाने येते. ग्रंथालय व माहितीशास्त्रात पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांनी मिळवून राष्ट्रीय पात्रता परीक्षा (नेट) उत्तीर्ण झाल्यास महाविद्यालयीन ग्रंथपालाच्या पदासाठी अर्ज करता येतो. संशोधनसंस्था, विद्यापीठे आणि प्रकाशनसंस्था यांतही अशा माणसांना काम मिळते. पदवी सूक्ष्मजीवशास्त्राची असेल तर ती वाया जात नाही, उलट तिच्यामुळेच निबंध कोणत्या विषयाचा आहे हे उमगते, आणि माझ्या मते या कामातील खरी योग्यता तीच होय. इंग्रजी वाचनाचा सराव आणि संख्याशास्त्राची ओळख मात्र अपरिहार्य आहे.

मुलीचा कल खरा आहे की क्षणिक, याची खातरजमा प्रवेशाचे पैसे भरण्यापूर्वीच घरबसल्या होऊ शकते. ‘पबमेड’ हा वैद्यकीय व जैविक निबंधांचा कोश विनामूल्य आहे आणि तो फोनवरही उघडतो. त्यात ‘हॉरिझॉन्टल’ व ‘लॅटरल’ जनुक-संक्रमण या दोन्ही नावांनी शोध घेऊन गेल्या वीस वर्षांचे आकडे तिने वहीत उतरवावेत, त्यांतील पन्नास निबंधांचे सारांश वाचून किती विषयाला धरून आहेत आणि किती भलतेच आहेत हे वेगळे काढावे, आणि प्रत्येक आकड्यासमोर शोधाचे नेमके शब्द व तारीख लिहावी, कारण महिन्याने तोच शोध घेतला तर आकडा बदललेला असेल.