एसीचा गॅस बदलायचा, की एसीच?

एप्रिलमध्ये मेकॅनिक येतो, आउटडोअर युनिटला गेज लावतो आणि म्हणतो, “गॅस संपलाय. जुना आता बंद होतोय, ओझोनवाला नवा भरून देऊ का?” हो म्हणण्याआधी त्याच युनिटवरचं स्टिकर वाचा.

कोणता गॅस आहे?

- आर-22: ओझोनचा थर विरवणारा. 1 जानेवारी 2025पासून हा गॅस वापरून नवा एसी बनवायला भारतात बंदी आहे. दुरुस्तीसाठी तो अजून मिळतो, पण पुरवठा टप्प्याटप्प्याने आटतोय.
- आर-410ए: ओझोनला धोका नाही, पण तापमानवाढीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 2,088 पट, म्हणजे आर-22पेक्षाही वाईट.
- आर-32: ओझोनला निर्धोक, तापमानवाढ सुमारे 675 पट. आज बहुतेक नव्या एसींत हाच असतो.
- आर-290: म्हणजे प्रोपेन. दोन्ही बाबतींत सर्वांत सौम्य, पण पेट घेणारा.

थोडक्यात, दुकानातल्या ‘ओझोन-फ्रेंडली’ शिक्क्यासाठी जादा पैसे मोजू नका. तो आता सगळ्याच नव्या एसींना लागू आहे.

जुन्यात नवा गॅस भरू नका

आर-32चा दाब आर-22च्या दीडपटीहून जास्त असतो आणि त्याला कॉम्प्रेसरमध्ये तेलही वेगळं लागतं. प्रोपेन तर त्यासाठीच बनवलेल्या मशीनमध्येच भरायचा. आर-22च्या एसीत आर-22च.

दुरुस्तीचा खर्च (साधारण दर, रुपयांत)

गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. पाइपच्या नटवर साबणाचा फेस लावला की जिथे बुडबुडा येतो, तीच गळतीची जागा. ती न शोधता केलेला टॉपअप म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच बिल.

- गळती बंद करून, व्हॅक्यूम करून पूर्ण गॅस भरणं: 3,000 ते 5,000
- कॉइल बदलावी लागली तर: आणखी 6,000 ते 12,000

नवा घ्यायचा तर (दीड टन, इन्व्हर्टर स्प्लिट)

- एसी: 35,000 ते 48,000
- बसवणं: 1,500 ते 2,000
- जादा तांब्याचा पाइप: मीटरला 800 ते 1,000
- स्टँड: 700 ते 1,200
- जुना काढणं: 500 ते 800
- जुन्याचे वजा: 3,000 ते 6,000

हिशेब

जुना एसी तासाला 1.7 युनिट खात असेल आणि नवा 1 युनिट, तर रोज 8 तास, वर्षाला 100 दिवस वापरल्यास 560 युनिट वाचतात. युनिटला 12 रुपये धरले तर साधारण 6,700 रुपये. 45,000चा एसी वसूल व्हायला जवळपास सात वर्षं लागतात. म्हणून गळती नसलेला, धड गार करणारा जुना एसी केवळ ओझोनच्या काळजीने मोडीत काढू नका. कॉइल गेली किंवा दोन वर्षांत दोनदा गॅस भरावा लागला, की मात्र नव्याचा विचार करा.

फुकटातलं काम

जुना एसी काढताना मेकॅनिक घाईत नट सैल करून गॅस हवेत सोडतात. एक किलो आर-22 असा गेला, की सुमारे 1,800 किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. ओझोनचं नुकसान वेगळंच. कॉम्प्रेसर चालत असेल तर त्याला आधीच सांगा, “पंप डाउन करून काढा.” गॅस आउटडोअर युनिटमध्ये कोंडला जातो, कामाला दहा मिनिटं लागतात. मग ते युनिट भंगारवाल्याऐवजी ई-कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे द्या. नाहीतर कोंडलेला गॅस भंगारवाल्याच्या हातोड्याने सुटेल.