आवणीच्या दिवसांतील हातांची व नखांची निगा

पालघर जिल्ह्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि भाताची आवणी याच दिवसांत उरकावी लागते. पालघर, बोईसर व तारापूर या पट्ट्यातील शेतकरी कुटुंबांचे हात त्या काळात दिवसभर चिखलपाण्यात असतात. बैलाच्या खुराला इजा झाली तर आपण तत्काळ उपचार करतो. स्वतःचे बोट ठणकू लागले तरी आवणी संपेपर्यंत त्याकडे पाहत नाही. नखुर्डे झालेल्या माणसास चूड धरता येत नाही, आणि ऐन हंगामात एक हात कमी पडला म्हणजे काय होते हे शेतकरी बंधूंस सांगावयास नको.

नखाच्या मुळाशी पातळ कातडीची एक किनार असते. ती नखास घट्ट चिकटलेली असून पाणी आत शिरू देत नाही. हात सतत भिजत राहिल्यास ही किनार सुटते व त्या फटीत बुरशी आणि जंतू वाढतात. कडा लाल होऊन सुजतात, दाबल्यास दुखतात आणि कालांतराने नख खडबडीत होते. म्हणून ही किनार ब्लेडने कापू नये किंवा दातांनी सोलू नये. नखे आखूड व सरळ कापावीत. कोपरे खोल कोरू नयेत.

चारसूत्री पद्धतीने लागवड करणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. तीत युरिया-डीएपीची गोळी चार चुडांच्या मधोमध ७ ते १० सेंटिमीटर खोल हाताने खोचावी लागते. त्यामुळे नखांत चिखल गच्च भरतो, व भेगाळलेल्या कातडीस खत झोंबते. कामापूर्वी बोटांना व नखांच्या कडांना खोबरेल तेल चोळावे. कोरड्या बागकामात ओल्या साबणाच्या वडीवर नखे ओढली असता नखांत माती शिरत नाही. आवणीत मात्र हा साबण लगेच विरघळतो, तेथे तेलच उपयोगी. दुपारी व सायंकाळी हात साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळी करून शेती सांभाळणारे काही जण रॉकेलने किंवा थिनरने हात धुतात. त्याने कातडीतील स्वाभाविक तेल निघून जाऊन भेगा पडतात. कारखान्यातील टाकाऊ हातमोजेही शेतात आणू नयेत. त्यांना काय लागले आहे हे आपणांस कळत नाही.

केळवे-माहीमच्या पानवेलीच्या बागांतून बोर्डो मिश्रण वापरतात. १ टक्का मिश्रणास १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १०० लिटर पाणी लागते. ते लाकडी काठीने ढवळावे, हाताने कदापि नाही. चुना कातडी भाजतो.

कीटकनाशकांबाबत अधिक सावध राहावे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व मजूर दगावले, हे विसरता येत नाही. डब्यावरील त्रिकोण लाल असल्यास औषध अत्यंत विषारी समजावे. कापडी किंवा चामडी हातमोजे औषध शोषून घेतात. रबरी अथवा नायट्राइलचेच वापरावेत आणि काढण्यापूर्वी बाहेरून साबणाने धुवावेत. नखांत राहिलेले औषध भाकरीबरोबर पोटात जाते.

कापणीत डाव्या हाताने चूड धरताना विळा बोटास लागतो. अशा जखमेवर माती, शेण किंवा तंबाखूची पूड लावण्याची चाल अद्यापि दिसते. माती व शेण यांत धनुर्वाताचे जंतू असतात. जखम वाहत्या पाण्याने व साबणाने धुऊन स्वच्छ फडके बांधावे आणि धनुर्वाताच्या लसीविषयी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशाच जखमांवाटे शरीरात शिरतात. आवणीनंतर ताप, पोटऱ्यांत वेदना व डोळ्यांत लाली दिसल्यास ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी रुग्णास त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे व तो चिखलात काम करीत होता हे अवश्य सांगावे.

नखुर्ड्यात पू झाल्यास घरच्या सुईने टोचू नये. बोटाचे नख महिन्यास सुमारे ३ मिलिमीटर वाढते. मुळाशी बिघडलेले नख पूर्ण नवे येण्यास सुमारे सहा महिने लागतात, तेव्हा पंधरा दिवसांत गुण दिसला नाही म्हणून डॉक्टरांनी दिलेले औषध मध्येच सोडू नये.