एत्रता येथील गोटे

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर नॉर्मंडी प्रांतांत एत्रता हें चिमुकलें गांव आहे. पूर्वीं येथील लोक मासेमारीवर जगत. एकोणिसाव्या शतकांत समुद्रस्नानासाठीं पाहुणे येऊं लागले. १८८३ सालीं क्लोद मोने ह्या चित्रकारानें येथील पांढरे कडे रंगविले.

हे कडे खडूच्या मऊ दगडाचे असून त्यांत गारगोट्यांचे थर आहेत. कडा कोसळला कीं खडू लाटांत विरतो. गारगोट्या मात्र घांसून गुळगुळीत होतात व किनाऱ्यावर सांचतात. ह्या गोट्यांची रास लाटांचा जोर मोडून गांवाचें रक्षण करते. म्हणून तेथून गोटे उचलून नेण्यास मनाई आहे. प्रवाशाच्या खिशांत एकच गोटा जातो खरा. पण प्रवासी लाखों येतात!

विद्यार्थिमित्रहो, सर्वांच्या ठेव्यांतून 'एवढ्यानें काय होणार' म्हणून कांहीं उचलतांना एत्रता आठवावें.