ओलं गाठोडं, कोरडं गाठोडं

सेक्टर 6, भिलाई

चि. गार्गी हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचा फोन येऊन गेला. जुलैअखेर तू झन्स्कार नदीवर राफ्टिंगला निघालीस, पदुमकडून निम्मूपर्यंत, मुक्काम सगळे नदीकाठी तंबूत. आईला पोरीची काळजी, पोरीला सामानाची. आईच्या काळजीवर माझ्याकडे औषध नाही, सामानाचं तेवढं सांगतो. तू पाठवलेली यादी वाचली. दोन जीन्स, चार सुती टी-शर्ट, हूडी, मोठा टॉवेल, कॅमेरा आणि शेवटी 'इतर'. ही यादी महाबळेश्वरची झाली.

कोलाडला कुंडलिकेवर जाऊन आलीस म्हणून तुला हे त्याचंच थोरलं भावंड वाटतंय. कुंडलिकेवर भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटतं तेवढ्या वेळाचा तो खेळ. काठावर आलं की गाडीत कोरडे कपडे तयार, हातात गरम भजी. झन्स्कारला वितळलेल्या बर्फाचं पाणी, दुपारी दरीतून समोरून येणारा वारा, आणि संध्याकाळी वल्हं खाली ठेवलं की तिथंच काठावर राहायचं. सकाळी कालचे ओले कपडे पुन्हा अंगावर चढवायचे. म्हणून गाठोडी दोन करायची. एक ओलं होण्यासाठीच, दुसरं निम्मूपर्यंत कोरडं राहण्यासाठी. 'आज थंडी जास्त आहे' म्हणून कोरड्यातला एकही कपडा नदीवर घालायचा नाही. पहिल्याच दिवशी हा मोह होतो आणि पुढच्या सगळ्या रात्री कुडकुडत जातात.

आता सुती कपड्यांचं. माझी सगळी नोकरी प्लांटमध्ये गेली. भट्टीपुढे टेरिलीन-नायलॉन घालून कुणाला उभं राहू देत नसत, कारण ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. सुती कापड जळतं, पण चिकटत नाही. घरीही आपण मे महिन्यात 45 अंशांत ओला गमछा डोक्याला बांधून फिरतो. सुती कापड पाणी धरून ठेवतं, ते हळूहळू उडतं आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जातं. कूलरच्या ओल्या खसचं काम हेच. भिलाईत जे सुख, तेच झन्स्कारच्या पाण्यात संकट. ओला सुती टी-शर्ट तिथं तासन् तास वाळत नाही आणि वाऱ्यावर अंग गारठवतो. जीन्स तर वजनाने शिळा होते. म्हणून ओल्या गाठोड्यात दोन पातळ पॉलिस्टरचे लांब बाह्यांचे शर्ट, लवकर वाळणारी पँट आणि लोकरीचे किंवा निओप्रीनचे मोजे. वेटसूट बहुधा कंपनी देते, पण तो तुझ्या मापाचा आहे का आणि वर पाणी अडवणारं जॅकेट मिळतं का, हे आत्ताच विचारून घे. पायात टाचेला पट्टा असलेली सँडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट. साधी स्लिपर पहिल्याच उसळीला जाते.

कोरड्या गाठोड्यात थर्मलचा एक जोड, फ्लीस, लोकरीची टोपी, जाड मोजे दोन जोड, पिसांचं जॅकेट असेल तर उत्तम, आणि काठावर घालायला वेगळे बूट. सुती चालेल अशी एकच वस्तू आहे, आपला गमछा. तो टॉवेल होतो, धुळीत नाकाला बांधता येतो, रात्री गुंडाळून उशाला घेता येतो आणि पातळ असल्याने वाळतोही लवकर. तो मोठा टर्किश टॉवेल मात्र घरीच राहू दे.

ड्राय बॅग कंपनीची असली तरी ती बंद करणं तुझं काम. कपडे आधी दोन जाड प्लास्टिक पिशव्यांत भर, बॅगवर गुडघा टेकून आतली हवा काढ, मग तोंडाच्या पट्टीला किमान तीन घड्या घालून बकल लाव. दोनच घड्या घातल्या की पाणी आत शिरतं. तोंडापर्यंत ठासून भरलेल्या बॅगेला तीन घड्या बसतच नाहीत, म्हणून वरची जागा रिकामी ठेवायची. ही बॅग राफ्टवर पट्ट्यांनी आवळलेली असते, संध्याकाळपर्यंत हाती लागत नाही. म्हणून छोटी एक वेगळी घे. तिच्यात सनस्क्रीन, ओठांचं मलम, रोजची औषधं, ओआरएस, टॉर्च. चष्म्याला मागून दोरी आणि जास्तीचा एक चष्मा मोठ्या बॅगेत. औषधांचे दोन वाटे करून दोन्ही बॅगांत ठेव.

अंगठी, साखळी, कडं घरी ठेव. प्लांटमध्येही यंत्राजवळ ती चालत नसत आणि दोरीत अडकलेलं बोट नदीवरही तसंच तुटतं. लाइफ जॅकेट घातल्यावर मैत्रिणीला खांद्याच्या पट्ट्या धरून वर उचलायला सांग. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकलं तर ते सैल आहे. हेल्मेटचा पट्टा नुसता लटकवणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली, त्यांच्यात तू नको. स्वतःला दोरीने राफ्टशी बांधून घ्यायची हौस कधीही करू नकोस.

पुढचं तुझ्या मामीने सांगितलं, मी फक्त लिहितो. 1994 साली गिर्यारोहक बचेंद्री पाल यांच्या नेतृत्वाखाली 18 बायका तीन राफ्टमधून हरिद्वारहून कोलकात्याला गेल्या, 39 दिवसांत 2155 किलोमीटर. पाळी काही त्यांच्यासाठी थांबली नसेल. तारीख लांब असली तरी पॅड किंवा कप बरोबर घे, वापरलेलं घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेव आणि परत आण. नदीकाठी पुरायचं नाही, जाळायचं नाही.

खाण्याची सोय कंपनीची असते, तरी मामी ठेठरी-खुरमीचा डबा देते आहे. ठेठरी आठवडाभर मऊ पडत नाही आणि थंडीत पोटाला आधार होते. फरसाणाची पाकिटं नेऊ नकोस, कचरा फार होतो.

लेह 3500 मीटरवर आहे. उतरल्यावर दोन-तीन दिवस विश्रांती घे, उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स गोळीचं डॉक्टरांना विचार. पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेत ठेवावी लागते. बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड घे. तेही घळीत निकामीच, हे आईला आधीच सांगून ठेव. निम्मू-पदुम-दारचा रस्ता 2024 च्या मार्चमध्ये जोडला गेला, त्यामुळे मध्येच वर रस्ता दिसेल. पण रस्ता दिसला म्हणजे दुकान मिळालं असं नव्हे. विसरलेली वस्तू निम्मूपर्यंत विसरलेलीच राहते.

दोन्ही गाठोडी भरून झाली की काट्यावर ठेव आणि वजन मला कळव. 10 किलोच्या वर गेलं तर रविवारी फोन कर, काय काढायचं ते एकेक बघू.

तुझा,
मामा