अंग बाहेर येते, लघवी सुटते : याला उपाय आहे



या वेळच्या आरोग्य पानावर ज्या दुखण्याबद्दल लिहिले आहे, ते दुखणे आपल्या वस्तीत घरोघरी आहे. पण हळदीकुंकवात, पाण्याच्या रांगेत किंवा विहारात बसलेल्या बाया त्याचे नाव मोठ्याने घेत नाहीत. खोकला आला, हसू आले की लघवी सुटते. हंडा उचलला की खाली जड वाटते. संध्याकाळपर्यंत काहीतरी खाली उतरल्यासारखे होते, बसताना गोळा लागतो, आडवे झाले की तो आत जातो. काहींना बोटाने आत ढकलल्याशिवाय लघवी किंवा शौचाला होत नाही. नवऱ्याला सांगायची लाज, सुनेला सांगायची त्याहून जास्त. आणि सांगितलेच तर मोठी बाई म्हणते, "चार लेकरं झाली, असं व्हायचंच."

व्हायचेच असे काही नाही. हे का होते ते आधी समजून घेऊ.

आपल्या कमरेच्या हाडांच्या खाली, पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. लघवीची पिशवी, गर्भपिशवी आणि शौचाचे आतडे या तिन्हींना ही झोळी खालून आधार देते. लघवीचा, बाळंतपणाचा आणि शौचाचा असे तिन्ही मार्ग तिच्यातूनच जातात. बाळंतपणात बाळाचे डोके बाहेर येताना ही झोळी खूप ताणली जाते, कधी फाटते. बहुतेक जणींची झोळी पुढच्या काही महिन्यांत पुन्हा घट्ट होते, पण त्यासाठी तिला विश्रांती आणि अन्न लागते. ते मिळाले नाही, वरून ओझे पडत राहिले, तर झोळी सैल पडते आणि वरचे अवयव खाली सरकू लागतात. पाळी गेल्यावर शरीरातले काही द्रव्य कमी होते, तेव्हा आधीच सैल असलेली झोळी आणखी ढिली पडते. म्हणून तिशीत झालेली इजा कित्येकदा पन्नाशीत बाहेर दिसते.

झोळीवर कशाकशाचा भार पडतो? लहान वयात आणि लागोपाठ झालेली बाळंतपणे, अडून राहिलेली बाळंतपणे. गर्भपिशवीचे तोंड पूर्ण उघडण्याआधीच "जोर कर, जोर कर" म्हणून करायला लावलेला जोर. वरून पोट दाबून बाळ ढकलणे, जे अजूनही काही ठिकाणी चालते आणि चालू नये. त्यानंतर रोजचे जगणे. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येते. आले की दोन तासांत पिंप, हंडे, बादल्या सगळे भरून ठेवावे लागते, आणि ओली बाळंतीणसुद्धा त्या धावपळीत असते. विडी वळणाऱ्या बाईला तंबाखूच्या धुळीने खोकला लागतो. खोकल्याचा प्रत्येक झटका या झोळीवरच आदळतो. सार्वजनिक संडासापुढे रांग, दाराला कडी नाही, म्हणून बाई पाणी कमी पिते आणि शौच दाबून ठेवते. त्यातून बद्धकोष्ठ होते, मग रोज कुंथावे लागते. हा सगळा भार एकाच जागी जातो.

हे दुखणे किती बायांना आहे, हे सरकारलाही फार वर्षे ठाऊक नव्हते, कारण कोणी विचारलेच नव्हते. बाई गरोदर असली की तिची नोंद व्हायची, बाळंत झाली की नोंद संपायची. आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोलीत, डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी ही रीत मोडली. त्यांच्या 'सर्च' संस्थेने दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. दवाखान्यात आलेल्या आजारी बायाच तेवढ्या तपासल्या असे नव्हे, तर गावातल्या सगळ्या बायांना बोलावले, अविवाहित मुलींनाही. हा अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. १०० पैकी ९२ स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एक तरी आजार निघाला, आणि सरासरी प्रत्येकीला तीनहून अधिक. त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या बाया होत्या १०० पैकी फक्त ८. या ९२ मध्ये अंग बाहेर येणाऱ्याच बाया होत्या असा अर्थ कोणी घेऊ नये. त्यात पाळीचे त्रास होते, जंतुसंसर्ग होते. पण बाईच्या दुखण्याचा हिशेब बाळंतपणापुरता ठेवून भागत नाही, ही गोष्ट त्यानंतर जगाला मान्य करावी लागली.

शेजारच्या नेपाळात डोंगर चढून पाणी, लाकूड, गवत आणणाऱ्या बायांमध्ये हा आजार इतका पसरला की प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेले. २००८ साली न्यायालयाने हा स्त्रियांच्या प्रजनन हक्काचा प्रश्न असल्याचे सांगून सरकारला कायदा आणि सोयी करण्याचा आदेश दिला. पुढे सरकारने मोफत शस्त्रक्रियांवर भर दिला. पण २०१४ मध्ये ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेने दाखवून दिले की आजार होऊच नये यासाठी मात्र पुरेसे काही झाले नाही. बाळंतिणीच्या पाठीवरचा भारा तसाच राहिला.

आपल्याकडे दुसराच धोका आहे, तो म्हणजे "पिशवी काढून टाका." अंगावर पांढरे जाते, पिशवी काढा. ओटीपोट दुखते, पिशवी काढा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची माहिती घेतली, त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे साधारण सहांमागे एक. बीडच्या या टोळ्या दरवर्षी आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या कारखान्यांवरही येतात. पाळीत कामाला खाडा पडला तर मजुरी तर बुडतेच, वर दंड; त्यामुळे पिशवी काढणे बायांनाच सोयीचे वाटू लागते, असे त्या वेळी पुढे आले. अनावश्यक शस्त्रक्रिया थांबवण्यासाठी केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तीन महिन्यांत लागू करण्याचे आदेश राज्यांना दिले.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. झोळी सैल असेल तर नुसती पिशवी काढून झोळी घट्ट होत नाही. पिशवी काढल्यावर योनीचा वरचा भाग किंवा लघवीची पिशवीच खाली उतरू शकते. शिवाय पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर तिशी-पस्तिशीतच पाळी जाते, अंगाच्या वाफा निघतात, हाडे ठिसूळ होतात. शस्त्रक्रिया कधीच करू नये असे नाही. पिशवी पूर्ण बाहेर येत असेल, कर्करोगाची शंका असेल, तर ती करावी लागू शकते. मूल हवे असलेल्या तरुण बाईची पिशवी न काढता ती वर बांधून घेण्याच्या शस्त्रक्रियाही आहेत, आणि त्यांना शिरोडकर, पुरंदरे या मुंबईच्या डॉक्टरांचीच नावे आहेत. म्हणून डॉक्टरांना विचारायला संकोचू नका : नेमका आजार काय? शस्त्रक्रियेशिवाय दुसरा उपाय कोणता? झोळीही दुरुस्त करणार का? बीजकोश ठेवणार का? आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय सही करू नका.

शस्त्रक्रियेआधीचे उपाय दोन. पहिला व्यायाम. याला पैसा लागत नाही, जागा लागत नाही. वायू सुटू नये म्हणून आपण जसे आवळून धरतो, तसे खालचे स्नायू आत आणि वर ओढा. मनात पाच अंक मोजेपर्यंत धरा, मग सोडा आणि तितकाच वेळ थांबा. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखू नका, मांड्या आणि कुल्ले आवळू नका. नेमके कुठले स्नायू हे कळण्यासाठी एखाद्या वेळी लघवी मध्येच थांबवून पाहायला हरकत नाही, पण रोज तसे करू नका. सूप मांडीवर घेऊन विडी वळताना, शिलाई मशीनवर, सिटी बसमध्ये, कुठेही हा व्यायाम करता येतो आणि शेजारणीलाही कळत नाही. आठ दिवसांत फरक दिसत नाही म्हणून पुष्कळ जणी सोडून देतात. किमान तीन महिने चिकाटी ठेवा. खोकल्यासरशी लघवी सुटणे आणि सुरुवातीचे खाली उतरणे यात याचा चांगला उपयोग होतो. पिशवी पूर्ण बाहेर येत असेल तर मात्र एवढ्याने भागणार नाही.

दुसरा उपाय रिंग. मऊ प्लास्टिकची किंवा सिलिकॉनची कडी डॉक्टर मापाप्रमाणे आत बसवतात, ती पिशवीला वर धरून ठेवते. शस्त्रक्रिया झेपणार नाही अशा म्हाताऱ्या बाईला, किंवा मूल हवे असलेल्या तरुणीला ती फार उपयोगी. पण बसवून विसरून जायचे नाही. डॉक्टर सांगतील तेव्हा, बहुधा दर तीन-चार महिन्यांनी, ती काढून धुवायची आणि आत जखम नाही ना हे तपासून घ्यायचे.

बाळंतिणीच्या विश्रांतीबद्दल थोडे. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे मांडले होते. आज कायदा आहे, पण धुणीभांडी करणाऱ्या, बांधकामावर जाणाऱ्या आपल्या बायांपर्यंत पगारी रजा पोचत नाही. पंतप्रधान मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये मिळतात, त्याचा अर्ज अंगणवाडीत करता येतो. उरलेले घरातच करावे लागेल : सव्वा महिना बाळापेक्षा जड काही बाळंतिणीला उचलू द्यायचे नाही. नळाला पाणी आले की हंडे पुरुषांनी भरायचे. त्यात कोणाची मान खाली जात नाही.

तपासणी सिव्हिल हॉस्पिटलच्या स्त्रीरोग विभागात होते. आशाताईला सोबत न्या, स्त्री डॉक्टर हव्या असतील तर तसे सांगा. पिशवी बाहेर येऊन तिच्यावर जखम झाली, रक्त जाऊ लागले, लघवी अडली, किंवा पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा अंगावरून गेले, तर थांबू नका. आणि अडलेल्या बाळंतपणानंतर किंवा पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर लघवी खोकल्यापुरती न सुटता रात्रंदिवस गळत असेल, तर ते झोळीचे दुखणे नसून लघवीच्या पिशवीला पडलेले छिद्र असू शकते. ते व्यायामाने बुजत नाही. छिद्र नवे असेल तर लघवीची नळी काही आठवडे ठेवून कधी कधी ते आपोआप भरून येते, नाहीतर शस्त्रक्रियेने बुजवता येते. म्हणून अशा बाईला त्याच आठवड्यात मोठ्या दवाखान्यात न्या.