मॉड्यूल सापडत नाही तेव्हा

चि. भाच्यास,


फ्लास्कचं अ‍ॅप लॅपटॉपवर नीट चालतं आणि सर्व्हरवर चढवलं की 'नो मॉड्यूल नेम्ड हेल्पर्स' म्हणत कोसळतं, हा अनुभव पायथन शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला येतो. फाइल तर डोळ्यांसमोर असते. पण पायथन सगळी डिस्क धुंडाळत नाही. सिस.पाथ या यादीतले फोल्डर तो क्रमाने पाहतो आणि नाव जुळलं की तिथेच थांबतो.

ही यादी प्रोग्राम कसा सुरू केला यावर ठरते. 'पायथन अ‍ॅप/मेन.पीवाय' असं चालवलं तर यादीत सर्वांत वर त्या फाइलचं फोल्डर येतं. 'पायथन -एम अ‍ॅप.मेन' म्हटलं तर चालू फोल्डर. अपाचेवर मॉड-डब्ल्यूएसजीआय असेल, तर प्रोजेक्टचं फोल्डर यादीत आपोआप येतच नाही. ते कॉन्फिगरेशनमध्ये 'पायथन-पाथ' लिहून द्यावं लागतं. इथे नवशिके जिथे-तिथे सिस.पाथ.अपेंड चिकटवतात. ही सवय वाईटच. आजची एरर जाते, पण प्रोजेक्टचं फोल्डर हललं की तीच पुन्हा उभी राहते, आणि तोवर ती ओळ कुणी व का टाकली हे कुणालाच आठवत नसतं.

कधी दोष नावात असतो. मेल पाठवायचा कोड कुणी 'ईमेल.पीवाय'मध्ये लिहितो. पायथनचं स्वतःचं एसएमटीपीलिब ईमेल.युटिल्स मागायला जातं, त्याच्या हाती ही घरची फाइल लागते आणि एरर सांगते, 'ईमेल इज नॉट अ पॅकेज'. फाइलचं नाव बदललं की काम झालं. आपली फाइल फ्लास्क.पीवाय या नावाने ठेवू नका, असं फ्लास्कचं डॉक्युमेंटेशन मुद्दाम बजावतं ते याचसाठी.

पायथन ३.६ पासून मॉड्यूलच सापडलं नाही तर मॉड्यूल-नॉट-फाउंड-एरर येते. मॉड्यूल सापडलं पण त्यातलं नाव मिळालं नाही, तर साधी इम्पोर्ट-एरर. दुसरीत 'पार्शली इनिशियलाइझ्ड' हे शब्द दिसले, की बहुधा अ‍ॅप आणि मॉडेल्स या दोन फाइली एकमेकींना इम्पोर्ट करत असतात. डेटाबेसचा ऑब्जेक्ट तिसऱ्या फाइलीत ठेवावा, अ‍ॅप एका फंक्शनमध्ये तयार करावं, म्हणजे हा फेरा तुटतो.

यापुढे अडलास तर नुसता स्क्रीनशॉट पाठवू नकोस. एररची शेवटची ओळ, सर्व्हरच्याच लॉगमध्ये छापून घेतलेला सिस.पाथ आणि अ‍ॅप सुरू करायची कमांड, एवढं लिहून पाठव.

तुझा,
मामा